चाऱ्याच्या गवताचे टिश्यू कल्चर: जनुकाला हात लावण्याआधी काय शिकायचे

गोव्यात दुधाचा मोठा भाग शेजारच्या राज्यांतून येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे गाय पाळणाऱ्याला विचारा, तो दुधाच्या दराआधी वैरणीचे रडगाणे सांगेल. जमीन थोडी, पठारावरची माती जांभ्याची, पावसाळ्यात गवतच गवत आणि मार्चनंतर मोरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीवर, करपलेल्या काड्या. त्यामुळे बायोटेक्नॉलॉजी किंवा कृषी शिकणाऱ्या मुलांना चाऱ्याच्या गवतात जनुकीय बदल करण्याची कल्पना मोहात पाडते. पचायला सोपे गवत, कमी ऑक्झॅलेटचे गवत, खाडीकाठच्या खाजनाच्या खारट मातीत तग धरणारे गवत. या गोष्टी कागदावर सुंदर दिसतात.

हा लेख त्या मुलांसाठी आहे. सुरुवातीलाच एक सांगतो: गवतात जनुक घालणे हा या कामाचा लहान भाग आहे. खरे काम आहे ते एका पेशीपासून पुन्हा अख्खे गवत उभे करण्याचे. ज्याला ते जमते त्याला जनुक घालणे आज ना उद्या जमते. ज्याला ते जमत नाही त्याच्या हाती पेशीत जनुक मारून घालणारी महागडी जीन गन दिली तरी शेवटी तपकिरी पडलेल्या डिशाच उरतात. म्हणून पहिले काही महिने डीएनएचे नाव काढू नका.

कोणते गवत घ्यायचे

गोव्यातल्या गोठ्यांना ओळखीची गवते मोजकीच: संकरित नेपियर, गिनी गवत आणि ओलसर जागेतले पॅरा गवत. यातली निवड चवीची नाही, जीवशास्त्राची आहे.

संकरित नेपियर म्हणजे नेपियर आणि बाजरी यांचा संकर. नेपियरची गुणसूत्रे २८, बाजरीची १४, आणि संकराची २१. तीन संचांच्या या विषम हिशेबामुळे गवत वांझ राहते, बी धरत नाही, म्हणून लागवड कांडीने किंवा ठोंबाने होते. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे को-४ आणि को-५, राहुरीचे फुले जयवंत हे वाण याच घराण्यातले. टिश्यू कल्चर करणाऱ्याला या वांझपणाचा एक तोटा आणि दोन फायदे आहेत. तोटा असा की बियांपासून सुरुवात करता येत नाही. पहिला फायदा: जनुक घातलेले एक चांगले रोप मिळाले की त्याच्या कांड्या लावून हवी तेवढी वाढ करता येते, पिढ्यान्‌पिढ्या बीज शुद्ध करत बसावे लागत नाही. दुसरा फायदा जास्त मोलाचा: परागातून जनुक पसरण्याची भीती फार कमी होते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये गोल्फ मैदानासाठी तयार केलेल्या, तणनाशक सहन करणाऱ्या बेंटग्रासचे जनुक परागाबरोबर २१ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. गिनी गवत आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते आणि भरपूर बी सांडते. त्याच्यात जनुकीय बदल करून गोव्याच्या पावसात सोडणे कोणालाही परवडणार नाही. टिश्यू कल्चरच्या सरावाला गिनी उत्तम, जनुकीय बदलासाठी मात्र मी नेपियरच्या बाजूने कौल देतो.

अगदी पहिल्या सरावाला मात्र दोन्ही नकोत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ताजी, न भाजलेली नाचणी आणा. तीही गवताच्याच कुळातली, स्वस्त आहे, आणि तिच्या बियांवर कॅलस, म्हणजे अजून पान की मूळ हे न ठरलेल्या पेशींचा गोळा, बऱ्यापैकी येतो. निर्जंतुकीकरणात हात बसेपर्यंत नाचणीच वापरा. महिनाभर जपलेला नेपियरचा फुटवा पहिल्याच दिवशी बुरशीला वाहण्यात अर्थ नाही.

परवानगीचे आधी, प्रयोगाचे नंतर

नुसते टिश्यू कल्चर, म्हणजे जनुक न घालता रोप वाढवणे, कोणत्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येते. जनुक घालायचे ठरले की १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात. संस्थेत जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असली पाहिजे. तिच्यावर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागातली आढावा समिती आरसीजीएम, आणि पर्यावरणात सोडायचे म्हटले तर पर्यावरण मंत्रालयातली मूल्यांकन समिती जीईएसी. शेतातल्या चाचणीला राज्य सरकारचे ना हरकत पत्रही लागते. जनुकीय बदल केलेले पीक म्हणून भारतीय शेतकऱ्याच्या शेतात २००२ पासून बीटी कापूस आहे. चाऱ्याच्या गवताला अशी मंजुरी मिळालेली नाही. म्हणजे तुमचे गवत प्रयोगशाळेत आणि बंदिस्त हरितगृहातच राहणार, हे गृहीत धरून चला.

२०२२ मध्ये केंद्राने बाहेरचे जनुक न घालता केलेल्या काही प्रकारच्या जीन एडिटिंगला, म्हणजे पिकाचेच जनुक जागच्या जागी बदलण्याला, या नियमांतल्या बऱ्याच अटींतून सूट दिली. २०२५ मध्ये भाताचे दोन असे वाण जाहीरही झाले. नव्या पोराने ही वाट जरूर डोळ्यांसमोर ठेवावी, कारण जीन एडिटिंग असो वा जुनी जीन गन, कॅलसपासून रोप करायची पायरी दोन्हीकडे तीच आहे.

स्वतःच्या गावी, घरामागच्या खोलीत जनुकीय बदल करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात किंवा जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारणा करा. झाशीची भारतीय चराई आणि चारा संशोधन संस्था १९६२ पासून याच विषयाला वाहिलेली आहे. वाणांच्या माहितीसाठी तिचे प्रकाशित साहित्य वाचावे.

वेळापत्रक पावसावरून ठरवा

बाहेरच्या पुस्तकांत हा मुद्दा सापडत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला दमटपणा नव्वदीच्या आसपास फिरतो आणि बुरशीचे बीजाणू सगळीकडे तरंगत असतात. वीजही मध्येच जाते. नेमकी उलट गोष्ट शेवटच्या पायरीला: काचेतून बाहेर काढलेल्या रोपाला दमट हवा मानवते.

म्हणून नवे कॅलस सुरू करायचे काम तुळशीच्या लग्नानंतर हाती घ्या. हवा कोरडी होते आणि दिवस लहान झाल्याने नेपियरही फुलोऱ्याकडे वळतो, त्यामुळे कोवळा फुलोरा मिळायची संधी असते. फेब्रुवारीपर्यंत कॅलस, मेपर्यंत मुळे फुटलेली रोपे, आणि रोपे कणखर करायचे काम पहिल्या पावसाबरोबर. पावसाळ्यात प्रयोगशाळेत फक्त चालू असलेले कॅलस सांभाळा. चवथीच्या सुट्टीत कोण डिशा बघणार, हेही आधीच ठरवून ठेवा. बुरशीला सुट्टी नसते.

खोली आणि हात

वाढीच्या खोलीला एसी हवा, तापमान २५ अंशांच्या आसपास. एसीने हवा कोरडीही होते, पण त्याची जाळी दर पंधरवड्याला धुतली नाही तर तोच बुरशी फेकतो. शक्य असेल तर डीह्युमिडिफायर घ्या. इन्व्हर्टरवर निदान दिवे आणि एक पंखा तरी चालला पाहिजे. कापसाची बुचे गोव्यात नकोत: ती ओलावा ओढतात आणि बुरशी त्या ओल्या कापसातून आत चालत येते. प्लास्टिकच्या स्क्रू झाकणाच्या काचेच्या बाटल्या बऱ्या. डिशा पॅराफिल्मने, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या मेणपट्टीने, दोन वेढे देऊन बंद करा. मांडणीच्या पायांखाली तेलपाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी युक्ती मुंग्यांसाठी अजूनही कामाची आहे. डिशेवर बुरशीच्या बारीक ठिपक्यांची नागमोडी रांग दिसली तर तो माइट या सूक्ष्म किड्याचा पाऊलमार्ग समजा. ती डिश न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाका आणि शेजारच्या सगळ्या तपासा.

काम लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत असलेल्या कपाटात, करायचे. बसण्याआधी वीस मिनिटे अतिनील दिवा, मग तो बंद करून हवेचा झोत चालू. दिवा चालू असताना हात घालू नका, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात. टेबल आणि हात ७० टक्के इथेनॉलने पुसायचे. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्के जास्त मारक असते, कारण जंतूत शिरायला आणि प्रथिने गोठवायला पाणी लागते. ९५ टक्क्यांचे इथेनॉल असेल तर ७३७ मिलिलिटरमध्ये पाणी घालून लिटर करा. फेणीने हे काम भागत नाही, ती साधारण ४२ टक्क्यांचीच असते. आणि प्रयोगशाळेच्या इथेनॉलसाठी अबकारी खात्याचे कागद कार्यालयातून आधी करून घ्या. चिमटा ज्योतीवर लाल झाला असेल तर तो लगेच अल्कोहोलच्या ग्लासात बुडवू नका. टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत आग लागते ती बहुधा अशीच.

माध्यम

एमएस माध्यम, म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी मांडलेले, गवतालाही चालते. तयार पावडर मिळते; जीवनसत्त्वांसकट असेल तर लिटरला साधारण ४.४ ग्रॅम. कॅलससाठी माझा पहिला सल्ला असा: एका लिटरला एमएस पावडर, ३० ग्रॅम साखर, ३०० मिलिग्रॅम केसिन हायड्रोलायसेट (दुधातल्या प्रथिनाचे विघटित रूप), २.५ मिलिग्रॅम २,४-डी, ८ ग्रॅम अगर.

२,४-डी म्हणजे तणनाशकातले तेच रसायन. जास्त मात्रेत ते रुंद पानांच्या तणांना मारते आणि इथे मिलिग्रॅमच्या हिशेबात गवताच्या पेशीला आपली ओळख विसरायला लावते. ते पाण्यात सहज विरघळत नाही. १०० मिलिग्रॅम वजन करा, थोड्या इथेनॉलमध्ये किंवा एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांत विरघळवा, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. लिटर माध्यमाला २.५ मिलिलिटर घातले की झाले. असा साठा फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवर तारीख घाला.

पीएच ५.८ वर आणायचा तो अगर घालण्याआधी. ऑटोक्लेव्हमध्ये तो थोडा उतरतो. फार उतरला तर अगर नीट गोठत नाही. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटे. मोठ्या फ्लास्कला जास्त वेळ लागतो, कारण आतला द्रव उशिरा तापतो. हायग्रोमायसिन, सेफोटॅक्सिमसारखी प्रतिजैविक औषधे उष्णतेने निकामी होतात, ती ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, माध्यम पन्नास अंशांच्या जवळ आल्यावरच मिसळा. फ्लास्क हातात धरवतो पण फार वेळ धरवत नाही, ते पन्नास अंश.

ओतलेल्या डिशा चार दिवस तशाच ठेवा. ज्या रिकाम्या डिशेत काही उगवते ती तुमच्या ऑटोक्लेव्हची किंवा ओतणाऱ्या हाताची तक्रार करते आहे.

गवताचा कोणता तुकडा

रुंद पानांच्या झाडात पानाचा कुठलाही तुकडा घेतला तरी बऱ्याचदा चालतो. गवताचे पान तळातून वाढते: टोक आधी म्हातारे होते, बुंध्याजवळचा भाग शेवटपर्यंत कोवळा राहतो. एकदा गवताची पेशी प्रौढ झाली की तिला पुन्हा विभागायला लावणे जवळजवळ अशक्य. त्यामुळेच गवते टिश्यू कल्चरमध्ये कितीतरी वर्षे हट्टी समजली जात. १९८० च्या सुमारास फ्लोरिडा विद्यापीठात इंद्र वसील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोवळे भ्रूण, कोवळा फुलोरा आणि पानाचा तळ वापरून बाजरी, गिनी आणि नेपियरमध्ये कायिक भ्रूण, म्हणजे बीजाविना साध्या पेशींतून तयार झालेले भ्रूण, मिळवून दाखवले, तेव्हा गाडी पुढे सरकली.

नेपियरसाठी सहा ते आठ आठवड्यांचा जोमदार फुटवा घ्या. तो गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगावरचा नको. कुंडीत, आच्छादनाखाली, पानांवर पाणी न पडेल असा आठवडाभर तरी ठेवलेला हवा. बाहेरची पाने एकेक करून सोला. आत गुंडाळलेल्या पोंग्याचा, वाढबिंदूच्या लगेच वरचा दोन-तीन सेंटिमीटर भाग तेवढा कामाचा. रंग फिकट पिवळसर पांढरा असावा. हिरवा दिसू लागला की थांबा, त्यापुढच्या चकत्या फुकट जातात.

थंडीच्या दिवसांत फुलोरा अजून पानाच्या आवरणात असेल तर तो पोंग्यापेक्षा चांगला. आवरणाला बोटांनी दाबून फुगवटा लागतो का ते बघा. फुलोरा बाहेर डोकावला की तो जून झाला.

निर्जंतुकीकरण असे: वाहत्या नळाखाली अर्धा तास, साबणाच्या दोन थेंबांसह हलवणे, ०.१ टक्के कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात वीस मिनिटे. पुढचे लॅमिनारमध्ये. ७० टक्के इथेनॉल एक मिनिट. मग सोडियम हायपोक्लोराइट, उपलब्ध क्लोरीन एक टक्का. चार टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे तीन. दहा ते पंधरा मिनिटे, सतत हलवत. निर्जंतुक पाण्याने चार वेळा धुवा. मग बाहेरचे एक पान आणखी काढून टाका. आतला भाग तसाही स्वच्छ असतो, आपल्याला फक्त बाहेरची घाण आत न्यायची नसते. बऱ्याच जुन्या प्रोटोकॉलमध्ये मर्क्युरिक क्लोराइड असते. ते परिणामकारक आहे, पण पारा विषारी आहे आणि सिंकमधून तो शेवटी खाडीतच जायचा. हायपोक्लोराइटने भागत असताना ते वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

पोंग्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या आडव्या चकत्या करा. खालून वर क्रम लावून डिशेत ठेवा, कोणती चकती कितव्या क्रमांकाची ते टिपून ठेवा. काही आठवड्यांनी तुम्हीच बघाल: तळच्या चकत्या फुलल्या आहेत, वरच्या तशाच पडल्या आहेत. पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ही एक डिश जास्त शिकवते. डिशा अंधारात, २५ ते २७ अंशांत.

काय बिघडले ते डिशच सांगते

बुरशी तुकड्यापासून लांब, डिशेच्या कडेला उगवली तर ती हवेतून किंवा हातातून आली. तुकड्याच्या भोवतीच उगवली तर निर्जंतुकीकरण कमी पडले. दहाबारा दिवस सगळे स्वच्छ आणि मग तुकड्याखाली दुधाळ वलय दिसू लागले, तर ते जिवाणू गवताच्या आतच राहणारे आहेत. नेपियरमध्ये हा त्रास नेहमीचा आहे. अशा वेळी क्लोरीन वाढवून उपयोग नाही, तो आत पोहोचतच नाही. मातृरोप बदला, किंवा आणखी आतला, आणखी लहान तुकडा घ्या. सेफोटॅक्सिम घालून वलय दबते, पण औषध काढले की परत येते.

चकत्या कापताच तपकिरी होऊ लागल्या तर ती फिनॉल द्रव्ये. १०० मिलिग्रॅम प्रति लिटर ॲस्कॉर्बिक आम्लाच्या निर्जंतुक पाण्यात कापा आणि पहिल्या आठवड्यातच नव्या माध्यमावर हलवा. कोळशाची पूड घालण्याचा सल्ला मिळेल. कॅलसच्या माध्यमात ती घालू नका, ती २,४-डी शोषून घेते आणि मग कॅलस का येत नाही म्हणून तुम्ही डोके खाजवत बसता.

कॅलस ओळखणे

आठवड्यात तुकडा फुगतो, दोनतीन आठवड्यांत कॅलस दिसतो. इथे नवशिक्या हमखास चुकतो: जो वेगाने वाढतो तो त्याला आवडतो. वेगाने वाढणारा, पाणचट, अर्धपारदर्शक, चिमट्याला चिकटणारा, भिजून फुटलेल्या साबुदाण्यासारखा कॅलस बिनकामाचा. त्यातून मुळे फुटतील, रोप नाही. कामाचा तो सावकाश वाढतो. घट्ट, गाठीगाठींचा, पांढरा ते मलईच्या रंगाचा, पृष्ठभाग कोरडा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर गुळगुळीत, गोलसर उंचवटे दिसतात, तेच होऊ घातलेले भ्रूण.

दोन्ही प्रकार एकाच तुकड्यावर शेजारीशेजारी येतात. दर तीन आठवड्यांनी नव्या माध्यमावर हलवताना चांगला भाग दोन-तीन मिलिमीटरचा वेगळा काढा, पाणचट भाग निर्दयपणे फेका. डिश रिकामी दिसते म्हणून दोन्ही हलवणारे बरेच भेटतात. दोन फेऱ्यांत पाणचट कॅलस सगळी डिश खातो. हे डोळ्यांचे काम आहे आणि ते शिकवून येत नाही, शेकडो तुकडे बघून येते. सूक्ष्मदर्शक लॅमिनारमध्ये नेता आला तर फार चांगले.

कॅलस वर्षभर जपायचा मोह टाळा. जुना झाला की रोप देण्याची ताकद कमी होते, गुणसूत्रांत गडबड वाढते, आणि गवतांत पांढरी फटक, हरितद्रव्य नसलेली रोपे निघू लागतात. चार ते सहा महिन्यांच्या आत वापरा, दर हिवाळ्यात नवा सुरू करा.

रोप उभे करणे

माध्यमातून २,४-डी काढा, लिटरला एक ते दोन मिलिग्रॅम बीएपी, म्हणजे कोंब फुटवणारे संप्रेरक, घाला, सोळा तास उजेड द्या. कॅलसवर हिरवे ठिपके, मग कोंब. कोंब दोन-तीन सेंटिमीटर झाले की अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, बीएपीशिवाय. हवे तर अर्धा मिलिग्रॅम एनएए, मुळे फुटवणारे संप्रेरक. गवताला मुळे फुटायला फारशी मनधरणी लागत नाही.

इथे एक आकडा काढा: चांगल्या कॅलसच्या शंभर तुकड्यांपैकी किती तुकड्यांनी हिरवे रोप दिले. हा आकडा सलग तीन वेळा निम्म्यापुढे येईपर्यंत जनुकाचा विषय काढू नका. जनुक घालताना मार बसतो, निवडीच्या, म्हणजे जनुक न बसलेल्या पेशी मारणाऱ्या, औषधाने आणखी मार बसतो. मुळात दहा टक्क्यांवर असलेला आकडा त्यात शून्यावर येतो आणि दोष कुठे हे कळत नाही.

आता जनुक

दोन वाटा. जीन गनमध्ये ०.६ ते १ मायक्रॉनच्या सोन्याच्या कणांवर डीएनए चढवून हेलियमच्या दाबाने कॅलसवर मारतात. कॅलसचे बारीक तुकडे डिशेच्या मध्यावर दाटीने मांडा. आधी चार तास आणि नंतर रात्रभर मॅनिटॉल आणि सॉर्बिटॉल प्रत्येकी ०.२ मोलर असलेल्या माध्यमावर ठेवा. पेशी थोडी आकसते आणि कण आत शिरताना तिचा रस बाहेर सांडत नाही. या वाटेने जनुकाच्या अनेक प्रती, कधी तुटक्या, एकाच जागी बसतात.

दुसरी वाट ॲग्रोबॅक्टेरियमची, म्हणजे झाडाच्या पेशीत आपला डीएनए घालणाऱ्या जिवाणूची. प्रती कमी, बसणे नीटस. हा जिवाणू निसर्गात गवतांच्या वाटेला सहसा जात नाही, म्हणून १०० ते २०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन हे रसायन घालून त्याला चेतवावे लागते. जिवाणू आणि कॅलस दोन-तीन दिवस एकत्र, अंधारात, २२ ते २५ अंशांत. तापमान २८च्या वर गेले की डीएनए सोपवायची त्याची यंत्रणा मंदावते, म्हणून आपल्याकडे एप्रिलमध्ये बंद पडलेला एसी सगळा प्रयोग खातो. नंतर सेफोटॅक्सिमने धुवा.

प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, गवताला मानवणारा निवडा: मक्याचा युबिक्विटिन किंवा भाताचा ॲक्टिन. रुंद पानांच्या झाडांत वापरला जाणारा ३५एस गवतात तुलनेने कमजोर पडतो. निवडीसाठी कॅनामायसिन नको, गवते ते बरेच सहन करतात. हायग्रोमायसिन घ्या. मात्रा कोणाच्या शोधनिबंधातून उचलू नका. स्वतःचा कॅलस लिटरला ०, १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅमवर ठेवा आणि चार आठवड्यांत ज्या सर्वांत कमी मात्रेवर सगळे मरते ती घ्या. पहिल्यांदा गस हे खुणेचे जनुकच घाला. ते निळा रंग देते आणि डीएनए पेशीत पोहोचला की नाही हे दोन दिवसांत कळते. लिग्निन, म्हणजे गवत पचायला जड करणारे काष्ठद्रव्य, कमी करायची स्वप्ने नंतर. टॉल फेस्क्यू या थंड प्रदेशातल्या गवतात लिग्निन बनवणारी जनुके दाबून पचनीयता वाढल्याचे दाखवले गेले आहे. वाट आहे, पण गसवर हात बसल्यावरची.

दर वेळी तीन डिशा सोबत ठेवा: जनुक न घातलेला कॅलस औषधाविना, तोच औषधासह, आणि कणांचा मारा केलेला पण डीएनएविना. पहिली मेली तर कॅलस वाईट, दुसरी जगली तर औषध वाईट.

हायग्रोमायसिनवर जगलेले प्रत्येक रोप जनुकीय बदलाचे नसते. पीसीआर या डीएनए-तपासणीत त्या जनुकाची पट्टी दिसली म्हणूनही नाचू नका. ॲग्रोबॅक्टेरियम रोपात लपून राहिला असेल तर पट्टी त्याची असू शकते. जिवाणूच्याच, रोपात कधी न जाणाऱ्या जनुकासाठी दुसरा पीसीआर करा, तो कोरा यायला हवा. शेवटचा शब्द सदर्न ब्लॉटचा, म्हणजे जनुक रोपाच्या डीएनएत खरोखर बसले का हे दाखवणाऱ्या चाचणीचा.

बाहेर काढणे आणि विल्हेवाट

मुळांवरचा अगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते. कोकोपीट आणि वाळू, वर पारदर्शक पेला, आठवड्यानंतर पेला रोज थोडा जास्त वेळ उघडा. सरावाची, जनुक न घातलेली रोपे जूनमध्ये शेडनेटखाली सुखाने वाढतात. फक्त पावसाची थेट सर नको, ती कोवळे पोंगे मोडते. जनुकीय बदलाची रोपे मात्र समितीने मान्य केलेल्या बंदिस्त हरितगृहातच.

आणि नेपियरचा एक गुण इथे वैरी होतो. तो वांझ आहे खरा, पण दोन डोळ्यांची कांडी कुंपणापलीकडे टाकली तरी पावसात ती रुजते. जाड, हिरवेगार गवत बघून कोणी शेजारी गायीसाठी दोन कांड्या मागेल, कोणी न मागता नेईल. हरितगृहाला कुलूप हवे, आत जाणाऱ्यांची वही हवी, आणि छाटलेला प्रत्येक तुकडा, माती, कोकोपीट, धुतलेले पाणीसुद्धा ऑटोक्लेव्हमधून जायला हवे. बाटल्यांवरची लेबले पेन्सिलीने कागदी चिकटपट्टीवर लिहा, मार्करची शाई अल्कोहोलच्या एका फडक्याने पुसली जाते.